तारेला आठवण नसते

प्रोसेसर स्वभावाने एकमार्गी. एक सूचना संपली की पुढची, ती संपली की त्याच्या पुढची. आजूबाजूला काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कुणी कळ दाबली, डिस्कवरून मागवलेला मजकूर येऊन पडला, घड्याळाचा ठोका पडला, यातलं काहीही त्याला आपणहून कळत नाही, कळवावं लागतं. या कळवण्याला इंटरप्ट म्हणतात. हातातलं काम आहे तिथे ठेव, खूण कर, आधी इकडे बघ, मग परत जा, असा तो निरोप असतो. आता एकाच वेळी चौघांनी निरोप धाडले तर पहिला मान कुणाचा, कुणी थांबायचं आणि कुणाचं तोंड तूर्त बंदच ठेवायचं, हे ठरवायला मध्ये एक चिप बसवलेली असते. ती इंटरप्ट कंट्रोलर.

माझे बरेचसे रात्रीचे तास या चिपच्या संगतीत जातात, पण चिप समोर नसते. समोर असतो तिची नक्कल करणारा कोड. क्यूएमू नावाचा एक ओपन सोर्स एम्युलेटर आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने तो २००३ मध्ये लोकांसमोर आणला. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड असं आख्खं यंत्र सी भाषेतल्या कोडने उभं करायचं आणि आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला आपण खऱ्या यंत्रावर नाही याचा पत्ता लागू द्यायचा नाही, हा त्याचा उद्योग. आत चालते ती गेस्ट, बाहेरची खरी ती होस्ट. या प्रचंड कोडमध्ये इंटरप्ट कंट्रोलरांचं एक वेगळं फोल्डर आहे. इंटेलच्या जुन्या ८२५९पासून आर्मच्या जीआयसीपर्यंत आणि आयबीएमच्या पॉवर यंत्रांपासून रिस्क-फाइव्हच्या पीएलआयसीपर्यंत सगळी मंडळी तिथे शेजारी शेजारी नांदतात. खऱ्या जगात ती एका बोर्डवर कधीच भेटली नसती.

यातली माझी आवडती फाइल ८२५९ची. १९८१च्या आयबीएम पीसीत ही चिप एकटी होती. निरोप यायच्या आठ लाइनी, शून्य ते सात. शून्यावर टायमर, एकवर कीबोर्ड. आकडा जितका लहान तितका मान मोठा. १९८४च्या पीसी-एटीत आठ लाइनी अपुऱ्या पडल्या म्हणून दुसरी ८२५९ आली आणि ती पहिलीच्या दोन नंबरच्या लाइनवर जोडली गेली. एक लाइन या जोडणीत खर्ची पडल्यामुळे उरल्या पंधरा. पण त्यातून एक गंमत झाली. दुसऱ्या चिपवरच्या आठ ते पंधरा या लाइनी पहिलीच्या दोन नंबरच्या दारातून आत येतात, म्हणून त्या तीन ते सातच्या आधी बसतात. मागाहून आलेले पुढे गेले. हे कुणी तत्त्व म्हणून ठरवलं नव्हतं, जोडणी तशी झाली एवढंच. त्या जोडणीने लावलेला मानाचा क्रम आमच्या कोडला मात्र आजही जसाच्या तसा पाळावा लागतो.

चिपच्या पोटात आठ-आठ बिटांची तीन मुख्य रजिस्टरं. कुणी हाक मारली आहे, हे पहिल्यात. कुणाचं काम सध्या चालू आहे, हे दुसऱ्यात. कुणाचं तोंड बांधलं आहे, हे तिसऱ्यात. काम संपलं की प्रोसेसरने चिपला तसं सांगायचं. तोवर खालच्या मानाच्या हाका थोपवलेल्या. एवढ्याशा हिशेबावर आख्ख्या जगाचे पीसी चालले. कागदावर वाचताना वाटतं, दोन तासांचं काम आहे. लिहायला बसलं की खरी चिप आडवी येते.

कारण नक्कल करणाऱ्याला नुसते गुण उचलून भागत नाही, अवगुणही उचलावे लागतात. समजा एका लाइनवर हाक आली, चिपने प्रोसेसरला हटकलं, प्रोसेसर विचारायला आला की कोण आहे, आणि तेवढ्यात हाक मारणारा गप्प झाला. आता चिपने काय सांगावं? कुणी नाही, असं सांगायची सोय तिच्या नियमांत नाही. म्हणून ती सात हा आकडा फेकते. हाक मारणारा कुणीही असो, उत्तर सात, आणि काम चालू असल्याची नोंद मात्र कुठेच नाही. शहाणी ऑपरेटिंग सिस्टिम सात आला की दुसरं रजिस्टर तपासते. तिथे सातचा बिट नसेल तर हा खोटा सात, असं ओळखून सोडून देते. दुसऱ्या चिपवर हाच प्रकार पंधराच्या नावाने होतो, आणि तेव्हा पहिल्या चिपला मात्र काम संपल्याचं सांगावंच लागतं, कारण तिला वाटत असतं की दोन नंबरवर खरंच कुणी आलं होतं. हे सगळं आमच्या फाइलीत आहे. खोट्या सातचा खरेपणा आम्ही जपला आहे.

आयबीएमने पीसी बांधताना एक घोळ करून ठेवला, तोही असाच वारशाने आला. पहिले बत्तीस इंटरप्ट क्रमांक प्रोसेसरसाठी राखीव आहेत, असं इंटेलने सांगून ठेवलं होतं. आयबीएमने टायमर-कीबोर्डच्या आठ लाइनींना त्यातलेच आठ ते पंधरा दिले. पुढे ८०२८६ने आठ क्रमांक स्वतःच्या एका गंभीर दोषासाठी वापरला आणि घड्याळाचा साधा ठोका व प्रोसेसरचा आकांत एकाच क्रमांकावर येऊन बसले. म्हणून प्रोटेक्टेड मोड या प्रोसेसरच्या संरक्षित चालीत जाणारी सिस्टिम आधी ८२५९चे क्रमांक दुसरीकडे हलवते. एम्युलेटरच्या अंगणात हे सोहळे रोज होतात. आम्ही फक्त बाजूला उभे राहून विधी नीट पार पडेल एवढं पाहायचं.

क्यूएमूमध्ये दोन उपकरणांना जोडणारी इंटरप्टची तार म्हणजे एक फंक्शन कॉल. एक उपकरण म्हणतं, लाइन वर गेली. पलीकडच्याला ते तत्क्षणी कळतं, आणि संपलं. तारेत काहीही साठत नाही. आत्ता तू वर आहेस की खाली, असं तारेला मागाहून विचारता येत नाही. ज्याने ऐकलं त्याने लक्षात ठेवायचं. नवखा माणूस पहिली ठेच इथे खातो. खऱ्या तांब्याच्या तारेवर व्होल्टेज असतं, ते हवं तेव्हा मोजता येतं. आमच्या तारेला आठवण नसते.

इंटरप्टच्या दोन जाती आहेत, आणि कोणाला काय लक्षात ठेवायचं ते या जातीवर ठरतं. एज म्हणजे एकदा कडी वाजवून पुढच्या गल्लीत निघून जाणारा पोस्टमन. लेव्हल म्हणजे उधारी मिळेपर्यंत ओट्यावर ठाण मांडून बसलेला सावकार. पहिल्याची कडी ऐकू आली नाही तर पत्र गेलंच. दुसऱ्याकडे पाठ फिरवली तरी तो तिथेच असतो. मात्र उधारी न फेडता त्याला नुसतं हो-हो म्हटलं, तर दार लावल्याक्षणी तो पुन्हा कडी वाजवतो. कंट्रोलर या दोघांना ओळखून वागतो. एजची हाक नोंदवून ठेवायची आणि लेव्हलची हाक अजून चालू आहे का, ते काम संपल्यावर पुन्हा पाहायचं.

दोन उपकरणं एकाच लाइनवर जोडली तर आठवणीचा हा प्रश्न दुप्पट होतो. पहिलं म्हणतं वर, दुसरंही म्हणतं वर, मग पहिलं म्हणतं खाली. कंट्रोलरने शेवटचं ऐकलं ते खाली. दुसऱ्याची हाक चालू असून पुसली गेली. नेटवर्क अधूनमधून गोठतं आणि कुणीतरी कीबोर्डची कळ दाबली की पुन्हा चालू लागतं, अशी तक्रार आली की माझा संशय आधी इथे जातो. उपाय सोपा आहे. मध्ये एक ऑर गेट बसवायचं. क्यूएमूमध्ये त्यासाठी तयार वस्तू आहे. प्रत्येक जोडणीची स्थिती ती स्वतः लक्षात ठेवते आणि सगळ्या खाली गेल्या तरच पुढे खाली म्हणते. यंत्र रीसेट करतानाही हीच अडचण: आधी कोण रीसेट होणार, आणि अर्धवट जागा झालेला शेजारी आपली हाक ऐकणार का? म्हणून २०२०पासून रीसेटचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात प्रत्येकाने फक्त आपलं घर आवरायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. लाइनी हलवायच्या त्या दुसऱ्या टप्प्यात.

घड्याळाची गोष्ट याहून अवघड. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम वेळ कशी मोजतात, तर टायमरचे ठोके मोजून. खऱ्या यंत्रावर ते ठीक चालतं. एम्युलेटरमध्ये होस्ट दुसऱ्या कामात गुंतली की गेस्टचा प्रोसेसर क्षणभर थिजतो. तेवढ्यात चार ठोके पडून जातात. कंट्रोलरपाशी प्रत्येक लाइनसाठी बिट एकच. त्यात ‘आला’ एवढंच मावतं, ‘चारदा आला’ हे मावत नाही. चाराचा एक होतो आणि गेस्टचं घड्याळ मागे पडतं. जुन्या विंडोजचं असं व्हायचं. म्हणून आमच्या कोडमध्ये एक आडमार्ग आहे: ठोका खरंच पोहोचला की आधीच्यात विरला, हे टायमरला कळवायचं, विरला असेल तर त्याने नंतर पुन्हा द्यायचा. खऱ्या हार्डवेअरमध्ये अशी सोय नाही. कोणतीही चिप टायमरला सांगत नाही की तुझा निरोप वाया गेला. वेळ खरी राहावी म्हणून चिप थोडी खोटी केली. हा सौदा मला अजून खटकतो, आणि त्यावाचून चालत नाही हेही कळतं.

एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाला इंटरप्टची भीती वाटली होती. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक्स-वन या यंत्रात त्याच्या सहकाऱ्यांना इंटरप्ट घालायचा होता, आणि डायक्स्ट्रा पटकन राजी होईना. हाक नेमकी कोणत्या सूचनेनंतर येईल हे ठरलेलं नाही. म्हणजे एकदा घडलेली चूक पुन्हा घडवून दाखवता येणार नाही, आणि जी पुन्हा घडत नाही ती दुरुस्त कशी करायची, ही त्याची काळजी. शेवटी त्याने ते काम अंगावर घेतलं, इतकं की १९५९चा त्याचा प्रबंध त्याच विषयावर आहे. त्याची भीती रास्त होती, हे आमच्या कामात पावलोपावली पटतं. फरक एवढाच की आमचं यंत्र आम्हीच बांधलेलं आहे. क्यूएमूमध्ये प्रोसेसरने किती सूचना चालवल्या ते मोजून कोणती हाक कोणत्या सूचनेपाशी आली याची नोंद ठेवता येते आणि तोच प्रवास पुन्हा तसाच चालवता येतो. खऱ्या यंत्रावर जे सटकतं ते इथे पकडून ठेवता येतं. नकलेला अस्सलाहून चढ म्हणावं असं बहुधा हे एकच ठिकाण.

डायक्स्ट्राच्या भीतीत आणखी एका भीतीची भर आमच्या पिढीने घातली. गेस्ट प्रामाणिक असेल असं आता धरता येत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर आत कोण बसलंय कुणास ठाऊक. ते मुद्दाम वेडेवाकडे आकडे लिहून एम्युलेटरची भिंत पोखरू शकतं. २०२१ मध्ये सुरक्षा-दोषांच्या यादीत सीव्हीई-२०२१-२०२२१ या क्रमांकाने नोंदलेला दोष आर्मच्या जीआयसीच्या नकलेत होता. एका प्रोसेसरने दुसऱ्याला हाक मारायची असेल तर जीआयसीमध्ये त्यासाठी शून्य ते पंधरा असे सोळा क्रमांक राखून ठेवलेले आहेत. सोळा म्हणजे चार बिट. पण गेस्टने रजिस्टरमध्ये लिहिलेल्या आकड्यातून कोड उचलत होता दहा बिट, म्हणजे १०२३पर्यंत काहीही. आत सोळा घरांचा तक्ता, आणि बाहेरून कुणी शंभराव्या घरात लिहा म्हणालं तर कोड खुशाल तिथे लिहायला जाई. ती जागा दुसऱ्याच कुणाची. दुरुस्ती एका ओळीची: बिट गाळणारा मास्क दहाऐवजी चार बिटांचा. दहा बिटही कुठून आभाळातून पडलेले नव्हते. त्याच चिपच्या इतर रजिस्टरांत इंटरप्टचा क्रमांक दहा बिटांचाच असतो. वाचणाऱ्याच्या डोळ्याला ती ओळ ओळखीची वाटते, आणि ओळखीच्या ओळीकडे कोण रोखून पाहतं? दुरुस्तीचा असा तुकडा, म्हणजे पॅच, वाचल्यापासून मी ओळखीच्या ओळी दोनदा वाचतो.

चालू गेस्ट एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर न्यायची, आतल्या कुणाला झुळूकही लागू द्यायची नाही, हा क्यूएमूचा आणखी एक खेळ. तेव्हा कंट्रोलरचा प्रत्येक बिट सोबत न्यावा लागतो: कोण थांबलंय, कुणाचं चालू आहे, कुणाचं तोंड बांधलंय. एक थांबलेली हाक वाटेत सांडली तर नव्या जागी गेस्ट डिस्कच्या उत्तराची वाट पाहत बसून राहते. आणि जिथे जायचं तिथलं क्यूएमू वेगळ्या आवृत्तीचं असू शकतं. म्हणून एकदा या यादीत घातलेलं रजिस्टर, पुढे निरुपयोगी ठरलं तरी, सहजासहजी काढता येत नाही. दोन आवृत्त्यांना एकमेकांचं बोलणं समजलं पाहिजे. कोड साफ करायला निघालेले उत्साही तरुण इथे हमखास अडतात. ‘ही ओळ कुणीच वापरत नाही’ असं पॅचमध्ये लिहून येतं, आणि ती ओळ जुन्या यंत्राची भाषा आहे हे समजावून सांगावं लागतं.

शिवाय ही चिप एकाच जागी नाही. २००७ मध्ये लिनक्समध्ये केव्हीएम (गेस्टला थेट होस्टच्या प्रोसेसरवर चालवण्याची सोय) आलं आणि वेगासाठी कंट्रोलरचं काम लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्येच, व्हायला लागलं. तिथल्या ८२५९च्या फाइलीच्या माथ्यावर बेलारचं नाव आजही आहे, कारण ती क्यूएमूमधूनच गेली. आता दोन्ही घरांत एकच चिप वेगवेगळी वाढते. इकडे दोष सापडला की तिकडेही डोकावायचं, ही आमची रीत.

लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात, तू नक्की करतोस काय रे? एका काकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘म्हणजे ती चिप आता कुणी वापरत नाही?’’ म्हटलं, सुटी चिप कुणी नाही. ‘‘आणि तू तिची नक्कल सांभाळतोस?’’ हो. ‘‘पैसे देतात?’’ या कामाचे नाही, काका. त्यांनी माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढायला सांगितली.

काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. २०१९ मध्ये क्यूएमूमध्ये मायक्रोव्हीएम नावाचं सडपातळ यंत्र आलं. त्यात ८२५९ चक्क बंद ठेवता येते. नव्या जगाला तिची गरज उरलेली नाही. आर्मच्या जीआयसीची तिसरी आवृत्ती हजारो हाका सांभाळते, रिस्क-फाइव्हचं नवं इंटरप्ट-शास्त्र वेगळंच आहे, आणि त्यांचा कोड लिहायला पगारी माणसं आहेत. क्यूएमूमध्ये कोणती फाइल कुणाच्या अंगावर आहे याची एक यादी असते. काही फाइलींपुढे लिहिलेलं असतं की इथे पगारी लक्ष आहे. काहींपुढे, की कुणीतरी पाहतं. काहींपुढे, की सवड मिळाली तर पाहतं. आणि काहींपुढे सरळ ‘अनाथ’.

अनाथ फाइलसुद्धा चालत असते, हा यातला फसवा भाग. ती बिघडत नाही, तिच्याभोवतीचं जग बदलतं. कुणीतरी रीसेटची पद्धत बदलतो, कुणीतरी मेमरीची. नव्या पद्धतीत बसवण्यासाठी फाइलीच्या चार ओळी हलवाव्या लागतात, आणि त्या चारांतली एक अशी असते की ती तिथे का आहे हे जाणणारा माणूस दहा वर्षांपूर्वी दुसरीकडे निघून गेलेला. मग एखादी विसरलेली ऑपरेटिंग सिस्टिम, एखाद्या कारखान्याचं जुनं नियंत्रण-सॉफ्टवेअर, सुरू होता होता थांबतं. देखभाल म्हणजे नवं घालणं नव्हे आणि जुनं कवटाळणंही नव्हे. ती एक ओळ का आहे, हे कुणाच्या तरी लक्षात असणं म्हणजे देखभाल. कंट्रोलर उपकरणांसाठी जे करतो तेच सांभाळणारा कोडसाठी करतो: कोण थांबलंय ते विसरत नाही.

माणसाची आठवण मात्र रजिस्टरइतकी भरवशाची नसते, म्हणून ती लिहून ठेवावी लागते. पॅचसोबत जो मजकूर जातो त्यात काय बदललं हे लिहायची फारशी गरज नाही. ते कोडमध्ये दिसतं. का बदललं, कोणत्या गेस्टने तक्रार केली, चिपच्या पुस्तकात कोणत्या पानावर काय म्हटलंय आणि खरी चिप कुठे त्याच्या उलट वागते, हे लिहायचं. कोड वाचताना पडलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला कोडमध्ये नाही, अशा मजकुरात सापडली आहेत, आणि ती लिहिणाऱ्या बहुतेकांना मी कधी भेटलेलो नाही.

आपल्याकडची पुष्कळ मुलं ओपन सोर्समध्ये यायचं म्हणतात आणि नवा प्रकल्प काढतात. काढा, हरकत नाही. पण त्याआधी ती यादी एकदा उघडा, अनाथ लिहिलेली एखादी फाइल निवडा, आणि त्या चिपचं मूळ पुस्तक शेजारी ठेवून ती सबंध वाचा. पहिला पॅच छोटा असू द्या. त्याच्यासोबतचा मजकूर मात्र तुमच्यानंतर दहा वर्षांनी येणाऱ्याला पुरेल इतका सविस्तर लिहा.